तोंडी नकारावर अपील होत नाही

कर्नाटकातल्या मराठी सीमाभागात सरकारी कचेरीनं अपंगत्वामुळे डावललं, तर अपिलाची तयारी पहिल्या अर्जापासूनच करावी लागते. ‘बघू, करू’ या उत्तरावर कुठंच दाद मागता येत नाही. अर्जाच्या दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि नोंद क्रमांक घ्या. शिक्का मिळत नसेल तर स्पीड पोस्टानं पाठवून पावती जपा.

राज्यघटनेच्या ३५० व्या कलमामुळे गाऱ्हाणं मराठीत मांडायचा हक्क आहे. तो सोडू नका, पण सोबत कन्नड प्रत जोडा. फाईल पुढं सरकवणाऱ्याला मजकूर कळला नाही, तर कागद तिथंच पडून राहतो.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम २३ नुसार प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी असावा लागतो. तक्रार त्याच्या वहीत नोंदल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे जाता येतं. राज्य सरकारच्या कचेरीविरुद्ध बेंगळुरूच्या दिव्यांगांसाठीच्या राज्य आयुक्तांकडे आणि रेल्वे, पोस्टासारख्या केंद्रीय खात्याविरुद्ध दिल्लीच्या मुख्य आयुक्तांकडे तक्रार करता येते.

अपील पडतं ते बहुतेक वेळा मागणीच्या ओळीत. ‘माझ्यावर अन्याय झाला, न्याय मिळावा’ यावर कोण काय आदेश देणार? असं लिहा: ‘अमुक तारखेला माझं टेबल दुसऱ्या मजल्यावर हलवलं. लिफ्ट नाही. तळमजल्यावर जागा द्यावी असा अर्ज अमुक तारखेला दिला, उत्तर नाही. तळमजल्यावरच बसण्याची सोय करावी.’ त्याखाली कलम २(एच) लिहा, कारण वाजवी सोय, म्हणजे अपंग माणसाला इतरांसारखं काम करता यावं म्हणून करायचा गरजेचा आणि कचेरीला झेपणारा बदल, नाकारणं हाही या कायद्यानं भेदभावच आहे. मग कलम ३(३): भेदभाव करणारी कृती रास्त हेतूसाठी आणि त्या प्रमाणातच होती, हे कचेरीनं दाखवायचं असतं. दुसरा कोणता पर्याय तपासला, हा प्रश्न अपिलात नेमका विचारा.

सीमाभागातली एक अडचण म्हणजे प्रमाणपत्र. कोल्हापूरला काढलेलं अपंगत्व प्रमाणपत्र ‘इथं चालत नाही’ असं सांगितलं जातं, ते चूक आहे. कलम ५८ प्रमाणे ते देशभर वैध आहे. राज्याच्या योजनेसाठी रहिवासाची अट असू शकते, पण तो वेगळा मुद्दा आहे. नकार नेमका कशावर, ते लेखी घ्या.

आयुक्तांनी शिफारस केली, तर कचेरीनं तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं, मान्य नसेल तर कारणासह. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला सेवेच्या बाबतीत कर्नाटक राज्य प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या (सरकारी नोकरीतले वाद ऐकणाऱ्या) बेळगाव खंडपीठाकडे जाता येतं. अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत असते आणि आयुक्तांशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती आपोआप थांबत नाही. इथंच माणसं फसतात.

वकिलाच्या खर्चापायी गप्प बसू नका. दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका समितीत अर्ज करा आणि शिक्का असलेली ती प्रत सोबत न्या.