आमची वाटचाल : कपाटाच्या दारावरची तारीख

२००९ साली सांगलीत मी आणि माझा मावसभाऊ, आम्ही दोघांनी सर्व्हर आणि नेटवर्क बसवून देण्याचा हा धंदा सुरू केला. भांडवल म्हणजे एक क्रिंपर (नेटवर्क केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवायची पक्कड), एक लॅन टेस्टर (ती केबल तपासायचं यंत्र) आणि आदल्या वर्षी पोस्टाने फुकट मागवलेल्या उबंटू ८.०४ या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमच्या सीड्या. तो क्रिंपर अजून माझ्या खणात आहे. त्याच्यानंतर चार नवे घेतले, पण आरजे-४५ चा प्लग दाबताना त्याच्यासारखा आवाज एकाचाही येत नाही. पुढची सात-आठ वर्षं पतसंस्था, दवाखाने आणि अडत दुकानांचे सर्व्हर बसवण्यात सरळ गेली.

सांगायचं आहे ते २०१७ चं.

त्या मे महिन्यात एका पतसंस्थेच्या समितीपुढे दोन कोटेशनं होती. आमच्यात उबंटू १६.०४, दुसऱ्यात १७.०४. समितीतल्या एकाने विचारलं, "ते सतरा देतात, तुम्ही सोळाच का?" मी समजावलं. हा आकडा म्हणजे वर्ष आणि महिना. १६.०४ म्हणजे एप्रिल २०१६. सम वर्षाच्या एप्रिलात येते ती दीर्घ मुदतीची आवृत्ती, तिला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. मधे दर सहा महिन्यांनी येणाऱ्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. समितीने ऐकून घेतलं आणि काम दुसऱ्याला दिलं. कारण विचारलं तर उत्तर आलं, "ते अद्ययावत आहेत." हा शब्द मला आजही टोचतो.

खरी चूक त्यानंतर मी केली. त्या वर्षीच्या नव्या मदरबोर्डांवरचं नेटवर्क कार्ड १६.०४ च्या ४.४ कर्नलला (सिस्टिमचा हार्डवेअर चालवणारा गाभा) दिसेना. १७.०४ च्या ४.१० ला लगेच दिसलं. कार्ड ही सबब होती. समितीपुढे खाली गेलेली मान, हे खरं कारण. जून-जुलैत मी ग्राहकांच्या नऊ मशिनींवर १७.०४ चढवलं. दोन महिने थांबलो असतो तर ऑगस्टात १६.०४.३, म्हणजे १६.०४ ची तिसरी दुरुस्ती-आवृत्ती, आलंच, तेच ४.१० कर्नल घेऊन. दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला नव्या हार्डवेअरसाठी नवं कर्नल मिळतं, ते हेच. मला ते माहीत होतं आणि तरी मी थांबलो नाही.

१७.०४ आलं १३ एप्रिल २०१७ ला. नऊ महिने मोजा : १३ जानेवारी २०१८. म्हणजे जुलैत बसवलेल्या मशीनला मी जेमतेम सहा महिन्यांचं आयुष्य दिलं होतं. त्यात ३ जानेवारीला मेल्टडाउन आणि स्पेक्टरची बातमी फुटली, प्रोसेसरमधल्याच त्रुटींची. १६.०४ साठी दुरुस्तीचं कर्नल त्याच महिन्यात आलं. १७.०४ ची मुदत संपत असल्यामुळे त्याला ते मिळणार नव्हतं.

त्याच आठवड्यात आमच्या प्रतिस्पर्ध्याने आमच्या प्रत्येक ग्राहकाला पत्र धाडलं : तुमच्या मशीनवर मुदत संपत आलेलं सॉफ्टवेअर आहे, मुदत संपलेलं औषध तुम्ही घ्याल का? ते पत्र माझ्या फाइलला आहे. त्यातलं वाक्य खोटं नव्हतं, म्हणून तर राग अजून जात नाही. समितीला सतरा दाखवून काम नेणारा हाच माणूस. त्याच्याही मशिनींवर तेच १७.०४ होतं आणि पत्रात त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. आमचे अकरांपैकी चार ग्राहक त्या महिन्यात गेले. मावसभावाने पुण्याला नोकरी धरली. मी त्याला दोष देत नाही, त्याच्या घरी लहान मूल होतं.

मार्केट यार्डातले हळदीचे अडते अण्णा यांचा सर्व्हरही त्या नवांतलाच. पत्र मिळाल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. "हे खरं हाय का, तेवढं सांग." मी म्हटलं, "खरं आहे अण्णा. चूक माझी." ते म्हणाले, "मग नीट करून दे की. नव्या हळदीचे सौदे सुरू व्हायच्या आत."

दोन वाटा होत्या. एक म्हणजे १७.१० वर चढायचं. पण त्याची मुदत जुलैपर्यंतच, म्हणजे ऐन हंगामात किंवा हंगाम संपता संपता पुन्हा १८.०४ वर उडी. दुसरी वाट, सगळं पुसून १६.०४.३ बसवायचं. मागे जायला कोणतीही आज्ञा नसते, कोऱ्या डिस्कपासून सुरुवात करावी लागते. मी दुसरी वाट धरली.

१३ तारखेला शनिवार होता, भोगीचा दिवस. संध्याकाळी यार्ड थंडावल्यावर काम धरलं. अण्णांचा हिशेब पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये होता. १७.०४ वर पोस्टग्रेस ९.६, १६.०४ वर ९.५. नव्याच्या डेटा फाइली जुना उघडत नाही, म्हणून साध्या मजकुरात डंप, म्हणजे सगळ्या डेटाची नक्कल, काढला. तो ९.५ मध्ये भरताना सुरुवातीलाच त्रुटी आली : निष्क्रिय सत्राच्या टाइमआउटची एक ओळ, जी सेटिंग ९.५ ला ठाऊकच नाही. काळजात धस्स झालं. ओळ निरुपद्रवी आहे हे कळायला अर्धा तास गेला. ती काढली, डंप भरला. रात्री वहिनींनी बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी पाठवली. रविवारी सकाळी अण्णांनी गेल्या हंगामाच्या छापील पट्ट्या काढल्या आणि पडद्यावरची एकेक बेरीज ताडून पाहिली. चार तास लागले. एक पैसा चुकला नाही. मग तिळगूळ हातावर ठेवला. उरलेली आठ मशीनं मी महिनाअखेर संपवली, एक रुपया न घेता. त्यातली काही सोडून गेलेल्या ग्राहकांची होती.

जुलै २०१८ मध्ये त्याच पतसंस्थेतून मला फोन आला. तिथे १७.१० होतं आणि मुदत संपली होती.

आता नवी मुलं या धंद्यात येतात, त्यांना कोणी विचारलं नाही तरी मी सांगतो. नवीन काय आहे ते घरच्या लॅपटॉपवर बघा. नव्या आवृत्त्या वाईट नसतात, पुढच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीत काय येणार ते त्यांतच आधी दिसतं. ग्राहकाच्या सर्व्हरवर मात्र दीर्घ मुदतीचीच, आणि तीही आल्या आल्या नको. जुन्या दीर्घ मुदतीच्या मशीनला उबंटू स्वतःच पहिल्या दुरुस्ती-आवृत्तीनंतर, म्हणजे .१ नंतर, चढायला सुचवतं, ते उगाच नाही. पाच वर्षं म्हणजे सगळ्याच पॅकेजांना पाच वर्षं, असंही नाही. ती हमी उबंटूच्या मुख्य भांडाराची असते, युनिव्हर्स या दुसऱ्या भांडारातल्या पॅकेजांची नाही. कोटेशनवर आवृत्तीशेजारी सपोर्ट संपण्याचा महिना लिहा. आम्ही २०१८ पासून तो सर्व्हरच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवतो, मार्करने, ठळक.

अण्णांच्या कपाटावर लिहिलं होतं : एप्रिल २०२१. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांचाच फोन आला. "तुझ्या चिठ्ठीवर एप्रिल लिवलंय. एप्रिलात माझे सौदे जोरात असतात, तवा मशीनला हात लावू देणार नाही. पाडव्याच्या आत उरक." दिवाळीआधीच्या एका शनिवारी १६.०४ वरून १८.०४, रविवारी २०.०४. मधली आवृत्ती वगळून उडी मारता येत नाही, म्हणून दोन दिवस. जुनी चिठ्ठी मी काढायला गेलो, तर त्यांनी काढू दिली नाही. नवी तिच्याखाली लावली.