टाइल हिल: जॉर्ज शॉच्या ओल्या रस्त्यांवरची एक दुपार

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरातल्या टाइल हिल या वसाहतीत चित्रकार जॉर्ज शॉ वाढला (जन्म १९६६). १९९६ पासून तो हाच अर्ध्या मैलाचा परिसर रंगवत आला आहे: गॅरेजांची बंद दारं, पबची मागची भिंत, झाडीत शिरणारी पायवाट. माणूस नाही, गाडी नाही. २०११ मध्ये टर्नर पारितोषिकाच्या (समकालीन कलेसाठीचा ब्रिटिश पुरस्कार) अंतिम चौघांत त्याचं नाव होतं.

जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, पाऊस पडून गेल्यावर. उन्हाळ्यात झाडं भरगच्च असतात, ऊन लख्ख असतं आणि चित्रातलं काहीच हाती लागत नाही. डिसेंबरमध्ये चारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून दोनपर्यंत पोहोचा.

लंडन यूस्टनहून कॉव्हेंट्री साधारण तासाभराचा प्रवास. तिथून बर्मिंगहॅमकडची सर्व थांबे घेणारी गाडी पकडा. कॅनलीनंतर टाइल हिल. जलद गाड्या इथे थांबत नाहीत, आणि नवखे नेमके इथेच चुकतात. स्टेशनपासून उत्तरेला जार्डिन क्रेसेंटपर्यंत चालत अर्धा तास धरा. तिथलं सेंट ओसवल्ड्स चर्च वास्तुविशारद बॅसिल स्पेन्सचं, १९५७ चं; कॉव्हेंट्रीचं नवं कॅथेड्रल बांधणारा तोच. चर्चपासून वेगळा उभा असलेला घंटेचा मनोरा बघायला विसरू नका.

मग टाइल हिल वूड हे जंगल. हॉलीच्या काटेरी पानांच्या झुडपांतून जाणारी वाट चिखलाची असते, साधे बूट पुरत नाहीत. वसाहत संपून जंगल कुठे सुरू होतं ती कड सावकाश बघा. शॉची कितीतरी चित्रं त्या कडेवरची आहेत. एखाद्या चित्राची हुबेहूब चौकट शोधत बसू नका, बरंच काही पाडलं गेलंय. लोकांच्या खिडक्यांकडे कॅमेरा रोखू नका, इथे माणसं राहतात.

चित्रं मात्र आधी प्रत्यक्ष बघून जा. ब्रिटनमधल्या टेट या कलासंग्रहालयाच्या संग्रहात ‘सीन्स फ्रॉम द पॅशन: लेट’ (२००२) आहे, भिंतीवर लावलंय का ते निघण्यापूर्वी विचारा. रंग हंब्रॉल या ब्रँडचे, विमानांची मॉडेलं रंगवायच्या इवल्या डब्यांतले इनॅमल, कॅनव्हासऐवजी फळीवर. हा रंग वाळताना आपोआप समतल होतो, त्यामुळे कुंचल्याचा माग जवळजवळ उरत नाही आणि पृष्ठभाग चकाकतो. समोरून पाहिलं तर दिव्याचं प्रतिबिंब डोळ्यांत येतं. दोन पावलं बाजूला सरका. चित्रातलं डबकं तेव्हाच ओलं दिसतं. छापील प्रतीत ही चकाकी येतच नाही.