डीम्ड कन्व्हेयन्स आणि आमच्या इमारतीतला खालचा गाळा

मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बोलीभाषेतलं डीम्ड कन्व्हेयन्स (बिल्डरने करून न दिलेली जमीन सरकारी आदेशाने सोसायटीच्या नावावर करून घेणं), कसं करून घ्यायचं हे सांगणारे पार्ल्यात गल्लोगल्ली भेटतात. मी लिहितेय ते एका टेबलाबद्दल. त्या टेबलावर आमची फाइल अडकली आणि ज्या कारणासाठी अडकली, त्याचा राग अजून डोक्यातून गेलेला नाही. कार्यालय कुठलं ते लिहीत नाही. पण मुंबईत जुन्या इमारतींचे जे सचिव मुद्रांकाच्या कामाला जातात, त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल.

आमची सोसायटी विलेपार्ले पूर्वेला आहे. तीन मजले, लिफ्ट नाही, आणि तळमजल्यावर रस्त्याच्या अंगाला एकच गाळा. त्यात हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे आठ बाकडी आणि गल्ला, गल्ल्यावर मामा. सकाळी फिरून आलेले लोक पोहे आणि चहा घेतात, दुपारी शाळेतली मुलं बटाटेवडे, आणि संध्याकाळी दीनानाथ नाट्यगृहात नाटकाला जाणारी मंडळी थालीपीठ नाहीतर पीयूष. गुरुवारी आणि चतुर्थीला साबुदाणावडा अकरापर्यंत संपतो. पण पाटीवर लिहिलेलं नाही असंही एक काम मामा करतात. ज्यांची मुलं परदेशात आहेत अशा आसपासच्या म्हाताऱ्या माणसांना ते कमी तेलाचे, कमी तिखटाचे डबे पाठवतात. एखादा डबा तसाच परत आला तर पोरगा लगेच वर जाऊन बेल वाजवतो. ही व्यवस्था कुठल्याही ॲपवर मिळत नाही.

पार्लं किती बदललं ते इथल्या माणसाला सांगायला नको. १९२९ पासूनचा पार्लेजीचा कारखाना २०१६ मध्ये थांबला आणि स्टेशनवर उतरताना येणारा बिस्किटांचा वास गेला. हनुमान रोड, नेहरू रोड, महात्मा गांधी रोड, कुठेही मान वर केली की हिरवी जाळी लावलेली इमारत दिसते. विमानतळ शेजारी असल्यामुळे आमच्याकडे उंचीवर मर्यादा आहे. वर जाता येत नाही, म्हणून बिल्डर खालची जागा इंच इंच मोजतो, आणि पहिला डोळा जातो तो खालच्या दुकानांवर. नव्या इमारतीत तळमजला पार्किंगला जातो. उरलं तर एखादी बँक, एखादा कॅफे. वाणी, शिंपी, इस्त्रीवाला, खाणावळ ही माणसं परत आलेली मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहेत.

आम्हालाही पुनर्विकास करायचा आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. गच्ची गळते, वरच्या मजल्यावरच्या आजींना जिना चढवत नाही. पण जमीन अजून मूळ बिल्डरच्याच नावावर होती. १९६३ च्या मोफा, म्हणजे सदनिका मालकीच्या कायद्याप्रमाणे सोसायटी नोंदवल्यावर चार महिन्यांत त्याने ती आमच्या नावावर करून द्यायला हवी होती. त्याने केली नाही, पुढे तो वारला, आणि वारस कुठे आहेत ते कुणाला ठाऊक नव्हतं. अशा वेळी कलम ११ प्रमाणे जिल्हा उपनिबंधकांकडे नमुना ७ मध्ये अर्ज करायचा असतो. आम्ही केला, त्यावर २,००० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. नोटिसा निघाल्या, वर्तमानपत्रात जाहीर सूचना आली, वारस हजर झाले नाहीत, आणि आदेश झाला. कायद्यात या निर्णयाला सहा महिन्यांची मुदत आहे. इथवर कुणी त्रास दिला नाही, म्हणून इथे थांबतही नाही. सुनावणीला मात्र सोसायटीचा ठराव आणि अधिकारपत्र मूळ प्रतीत न्या. आमच्या पुढच्या नंबरची सोसायटी तेवढ्यासाठी परत गेली.

आदेश मिळाला म्हणजे काम झालं असं अनेकांना वाटतं. तसं नाही. अभिहस्तांतरणाच्या दस्ताचा मसुदा अभिनिर्णयासाठी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. किती शुल्क लागेल ते तिथे ठरतं, आणि त्यासाठी प्रत्येक सभासदाने आपल्या करारावर शुल्क भरलंय का ते पाहतात. सदनिकांचं सगळं नीट निघालं. कुणाकडे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा होता, कुणाकडे जुना करार. राहिला मामांचा गाळा.

मामांचा करार १९८१ चा, त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे ५ रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर केलेला, नोंदणी न केलेला. मूळ कागद दुकानातल्या लाकडी पेटीत होता. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा दुकानात कमरेएवढं पाणी होतं आणि पेटी त्या पाण्यात होती. करार गेला. टेबलावरच्या बाईंनी फाइल चाळली, गाळ्याच्या रकान्यावर पेन ठेवलं आणि म्हणाल्या, "मूळ करार आणा."

मी सांगितलं, पुरात गेला.

"मग आजच्या रेडी रेकनरच्या दराने गाळ्याचं शुल्क आणि वर दंड." रेडी रेकनर म्हणजे सरकारने ठरवलेला जागेचा दर.

दंड दरमहा २ टक्के, कमाल शुल्काच्या चौपट. रस्त्यावरचा पार्ल्यातला गाळा आणि आजचा दर, म्हणजे मामांना तो गाळा विकूनच ते पैसे उभे करावे लागले असते. मी आकडा त्यांना सांगितलाच नाही. तरी त्यांना कुठून तरी कळलं, आणि दुसऱ्या दिवशी माझा चहा आणून देताना म्हणाले, "वहिनी, माझ्यामुळे सगळ्यांचं अडत असेल तर मी बाजूला होतो." त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढचे महिने नुसते फेऱ्यांचे. कधी साहेब रजेवर, कधी साहेब मीटिंगला, कधी फाइल वर गेलेली, कधी खाली आलेली. प्रत्येक वेळी तेच उत्तर, आणि प्रत्येक वेळी तोंडी. एकदा तिथेच सल्ला मिळाला की गाळा यादीतून काढून टाका, नकाशात पार्किंग दाखवा, आठवड्यात काम होईल. दुर्दैव असं की आमच्याच समितीतल्या दोघांना तो पटला. एक जण म्हणाला, पुनर्विकासाला येणारा बिल्डर थांबणार नाही. त्याचंही खोटं नव्हतं, त्याच्या घरी आजारपण आहे, त्याला लिफ्ट हवी आहे. पण चाळीसहून जास्त वर्षं सोसायटीची वर्गणी भरलेला सभासद कागदावरून पुसून टाकायचा? मी सभेत उभी राहून सांगितलं, तसा अर्ज करायचा असेल तर सही दुसऱ्याची घ्या. कुणीही पुढे आलं नाही.

मग मी कायदा वाचायला बसले, आणि सगळ्यांना हेच सांगेन की हे काम वकिलावर सोडू नका. सदनिका किंवा गाळ्याचा ताबा देणारा विक्री करार म्हणजे अभिहस्तांतरणच, असं धरून त्यावर पूर्ण शुल्क घेण्याची तरतूद महाराष्ट्रात १० डिसेंबर १९८५ पासून आली. त्याआधीच्या कराराला ५ रुपयांचा स्टॅम्प पुरेसा होता. म्हणजे खरा प्रश्न मूळ कागद कुठे गेला हा नव्हताच. करार त्या तारखेच्या आधीचा आहे हे सिद्ध होतं का, एवढाच होता. हे त्या टेबलावर कुणीही मला आपणहून सांगितलं नाही.

पुरावे गोळा करायला मामांचा मुलगा आणि मी बसलो. सोसायटीच्या आय नमुन्यातल्या सभासद नोंदवहीत त्यांचं नाव पहिल्या पानावर होतं. भाग प्रमाणपत्र, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, १९८२ चं. गुमास्ता परवाना, महापालिकेचा आरोग्य परवाना, मालमत्ता कराची जुनी बिलं, सगळं त्याच काळातलं. आणि सगळ्यात मोलाची वस्तू मिळाली एका सहकारी बँकेत. मामांनी भांड्यांसाठी १९८३ मध्ये कर्ज काढलं होतं, त्या फाइलला कराराची छायाप्रत जोडलेली होती, बँकेच्या शिक्क्यासकट. जुन्या दुकानदारांची कागदपत्रं हरवली असतील तर आधी त्यांनी कर्ज कुठून घेतलं होतं ते विचारा. पोलिसांत मूळ कागद गहाळ झाल्याची नोंद करा, आणि दोन वर्तमानपत्रांत जाहीर सूचना द्या.

प्रतिज्ञापत्र करताना एक गोष्ट लक्षात ठेवा. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं. आमच्याकडे तरीही स्टॅम्प पेपर मागितला. मी नम्रपणे नकार दिला आणि ते साध्या कागदावरच स्वीकारलं गेलं.

सगळा गठ्ठा, वर १९८५ च्या तरतुदीचा उल्लेख असलेलं पत्र, आणि पत्राच्या शेवटी एक ओळ: अर्ज अमान्य असल्यास कोणत्या कलमाखाली, ते लेखी कळवावे. आवक विभागात दिलं, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. उत्तर आलं नाही, तेव्हा १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीचा अधिकार टाकला आणि फाइलवरच्या टिपणांच्या प्रती मागितल्या. त्यासाठी ३० दिवसांची मुदत असते. मुदत संपायच्या आत साहेबांनी स्वतः बोलावलं. बँकेची छायाप्रत पाहिली, तारीख पाहिली, भाग प्रमाणपत्र ताडून पाहिलं आणि म्हणाले, "हे आधी का नाही आणलं?" आधीच्या प्रत्येक फेरीला मी विचारलं होतं की मूळ कराराऐवजी काय चालेल. हे मी त्यांना तिथेच, उभ्या उभ्या सांगितलं.

शुल्क नाममात्र निघालं. दंड शून्य. बाहेर येऊन मी मामांना फोन केला आणि दोघांनाही काही बोलता येईना.

नोंदणी एका दुपारी झाली. बिल्डरच्या वतीने नेमलेल्या अधिकाऱ्याने सही केली. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) सोसायटीचं नाव लागलं, त्याची प्रत मी लॅमिनेट करून जिन्याखालच्या फलकावर लावली आहे.

मध्येच सांगायचं राहिलं: गाळेधारक जिवंत आणि ठणठणीत असतानाच त्याचं नामनिर्देशन आणि कागद सोसायटीच्या दप्तरात पक्के करा. मामांच्या जागी त्यांच्या वारसांना हे सगळं करावं लागलं असतं तर ती बँकेची फाइल कुणाला आठवली असती?

आता पुनर्विकास. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे सहकार कायद्याच्या कलम ७९अ ची सभा घ्यायची, निबंधकांचा प्रतिनिधी, दोनतृतीयांश गणपूर्ती, चित्रीकरण, सगळं रीतसर. निविदेच्या मसुद्यात आम्ही गाळ्यासाठी वेगळं कलम घातलं आहे: रस्त्याच्या बाजूलाच, रस्त्याच्या पातळीवर, आत्ताच्या चटईक्षेत्राहून कमी नाही, बांधकामाच्या काळात पार्ल्यातच पर्यायी दुकान, आणि स्वयंपाकघराच्या धुरासाठी गच्चीपर्यंत जाणारी स्वतंत्र वाहिनी. ही शेवटची अट आमच्या वास्तुविशारदाने सुचवली. ज्यांच्या इमारतीत खाणावळ आहे त्यांनी ती नकाशा मंजुरीला जाण्याआधीच लिहून घ्यावी. नंतर चिमणीला जागा काढता येत नाही, आणि चिमणी नसेल तर त्या गाळ्यात हॉटेल परत येऊ शकत नाही.