रिपोर्ट चांगला आला, तिथंच चुकलं

सकाळी वॉर्डची वही उघडली आणि बोट एका नावावर अडलं. सहा वर्षांचा मुलगा, रक्ताचा कॅन्सर. पहिल्या महिन्याची केमो पूर्ण झालेली, पुढची तारीख उलटून 19 दिवस. सलग 4 आठवडे मूल आलं नाही की उपचार सोडले असं धरतात. म्हणजे हातात 9 दिवस होते.

वडिलांचा फोन बंद. पण दाखल करतानाच मी शेजाऱ्यांचाही नंबर लिहून घेते. तो लागला. थोड्या वेळानं आई बोलायला आली. मागं पोरांचा गलका.

"ऐकताय ना सिस्टर? खेळतोय तो. तुम्हीच म्हणालात ना, रिपोर्ट चांगला आला."

म्हणाले होते खरंच, आनंदाच्या भरात. मायक्रोस्कोपखाली मॅरो, म्हणजे रक्त तयार करणारा हाडातला मगज, स्वच्छ दिसला, तरी शरीरात शंभर कोटींच्या घरात कॅन्सरच्या पेशी दडून राहू शकतात; म्हणून तर उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. हे त्यांना कळेल असं मी सांगितलंच नव्हतं. फॉर्मवर सही तेवढी घेतली होती. अशा आईबापांना अडाणी ठरवून आपण मोकळे होतो, याची मला चीड येते.

शिवाय मजुरी बुडत होती, येण्याजाण्याचे पैसे संपले होते, धाकटीला सांभाळायला कुणी नव्हतं. हे आम्ही विचारलंच नव्हतं. आमच्या समाजसेविकेनं दुपारपर्यंत प्रवासाची आणि राहण्याची सोय लावली. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या 10 पैकी 8 मुलं बरी होतात, गरीब देशांत कित्येक ठिकाणी 3 सुद्धा नाहीत. व्हिन्क्रिस्टिन हे या कॅन्सरवरचं औषध 1960च्या दशकापासून वापरात आहे. औषध आहे, पण मूल शेवटच्या डोसपर्यंत पोचत नाही.

तीन दिवसांनी सगळं कुटुंब आलं, धाकटीसकट. डॉक्टरांनी मॅरो पुन्हा तपासला. आजार उलटला नव्हता. मी पाठकोऱ्या कागदावर 30 चौकोन आखले, महिन्याला एक, आणि पहिला तेवढा पेन्सिलीनं भरला.

आई कागदाकडे बघत राहिली. "एवढंच झालंय?"

"एवढंच."

तिनं कागद वडिलांच्या हातात दिला. त्यांनी कोऱ्या चौकोनांवरून बोट फिरवलं, शेवटपर्यंत. मग परत दुसऱ्यावर आणून ठेवलं. "यातल्या तारखा लिहून द्या, सिस्टर. मालकाला आधीच सांगून ठेवतो."