‘विहित मुदत’ म्हणजे नेमकी कोणती तारीख?

कंपनीतून ग्राहकांना जाणारी ठरावीक पत्रं सोप्या भाषेत लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं. सुरुवात थकबाकीच्या पत्रापासून केली, कारण ते हातात पडलं की लोक फोन करून विचारायचे, ‘म्हणजे नक्की करायचं काय?’ पत्रात होतं: ‘उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, देयकाची रक्कम विहित मुदतीत प्राप्त न झाल्यास पुढील कार्यवाही करण्यात येईल.’

‘देयका’चं ‘बिल’ केलं, ‘उपरोक्त’ला रजा दिली. गाडी अडली ती ‘विहित मुदती’पाशी. हिशेब विभाग म्हणे बिलाच्या तारखेपासून १५ दिवस. सेवा विभाग ३० दिवस थांबत होता. ‘पुढील कार्यवाही’ म्हणजे काय आणि ती करणार कोण, हे तर दोघांनाही सांगता येईना. भारदस्त वाक्यानं सगळं बेमालूम झाकलं होतं. साधं वाक्य लिहायचं तर कर्ता लागतो, तारीख लागते. म्हणून आधी दोन्ही विभागांना समोरासमोर बसवून तारीख ठरवून घेतली. लिहिण्यापेक्षा जास्त वेळ यातच गेला.

मग लिहिलं: ‘तुमचं बिल १५ तारखेपर्यंत भरा. पैसे आले नाहीत, तर १६ तारखेला आम्ही सेवा बंद करू.’ साहेबांना हे उद्धट वाटलं. ‘तुमचं’चं ‘आपलं’ आणि ‘भरा’चं ‘कृपया भरावं’ केल्यावर सही मिळाली. तारखांना मात्र हात लावू दिला नाही.

वकिलांशी हुज्जत घातली नाही. ‘तारण’, ‘जामीनदार’ यांना कायद्यात ठरलेला अर्थ आहे. ते शब्द ठेवले आणि शेजारीच एका ओळीत खुलासा दिला.

साध्या भाषेसाठी २०२३ साली आयएसओ २४४९५-१ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. वाचणाऱ्याला हवं ते सापडावं, समजावं आणि वापरता यावं, असा त्याचा रोख. तपासणी त्याच अंगानं केली. पत्र दुसऱ्या विभागातल्या लोकांना वाचायला दिलं. ‘समजलं का?’ विचारण्यात अर्थ नसतो, सगळे ‘हो’च म्हणतात. विचारलं, ‘आता तुम्ही काय कराल?’ एकजण पैसे कुठे भरायचे ते शोधत पान उलटायला लागला. ती माहिती उचलून तारखेच्या लगेच खाली आणली.

करारपत्रं अजून बाकी आहेत. तिथे एकेका वाक्यात तीन-तीन अटी आहेत, आणि त्या सोडवायला वकिलांनाच शेजारी बसवावं लागणार.