किरुनाची खाण बघायला जाताय? ड्रिलिंगपाशी थांबा

उत्तर स्वीडनमधल्या किरुनाला बहुतेक लोक आकाशातला हिरवा प्रकाश बघायला येतात. मी गेलो ते एलकेएबी या स्वीडनच्या सरकारी खाण कंपनीची लोखंडाची खाण बघायला. बस बोगद्यातून थेट 540 मीटर पातळीवरच्या प्रदर्शनापर्यंत नेते. हा आकडा डोंगराच्या मूळ माथ्यापासून मोजलेला आहे, त्यामुळे गावाच्या जमिनीपासूनची खोली कमी भरते. मुख्य वाहतूक पातळी 1365 मीटरवर आहे; तिथे पर्यटकांना नेत नाहीत.

म्हणूनच प्रदर्शनात ड्रिलिंगच्या माहितीला भरपूर वेळ द्या. खनिजातून आडवे बोगदे काढतात आणि त्यांच्या छतातून वर, पंख्यासारखी पसरत जाणारी 115 मिलिमीटर व्यासाची होल बारूद भरायला पाडतात. लांबी 40 मीटरच्या घरात. एवढ्या लांबीवर दिशा एक अंशाने चुकली तरी टोक 70 सेंटिमीटर सरकतं. दोन होलची टोकं जवळ आली तर बारूद वाया जाते. दूर गेली तर मधला खडक नीट फुटत नाही, मोठाले धोंडे येतात आणि खनिज उचलणारं यंत्र, म्हणजे लोडर, खोळंबतो.

ड्रिलच्या टोकाला, म्हणजे बिटला, ठोके देणारा हातोडा बाहेर, यंत्रावर असला की बिटपर्यंत जोडत नेलेल्या रॉडच्या प्रत्येक जोडाशी ठोक्याची ताकद थोडी घटते. इथे हातोडा होलच्या आत, बिटच्या लगेच मागे असतो आणि उच्च दाबाच्या पाण्यावर चालतो. दाबाच्या हवेवर चालणाऱ्या हातोड्यासारखं तेलाचं धुकं उडत नाही, आणि होलही सरळ जातं. मला ही रचना फार आवडली. बिट बघायला मिळालं तर कडेची कार्बाइड या कठीण पदार्थाची बटणं निरखा: ती झिजली की होल अरुंद होत जातं.

खनिज काढलं की वरचा खडक ढासळतो. या पद्धतीत तो ढासळू द्यायचाच असतो. त्याच्या भेगा गावाकडे सरकल्या म्हणून गाव हलवावं लागलं. ऑगस्ट 2025 मध्ये जुनं लाकडी चर्च अख्खंच्या अख्खं सुमारे पाच किलोमीटर वाहून नेलं. खाणीनंतर तेही बघा.

तिकीट आधीच काढा, मुलं बरोबर असतील तर वयाची अट विचारून घ्या. उन्हाळ्यातही जाकीट आणि बंद बूट हवेतच. स्फोट रात्री दीडच्या सुमारास करतात. हॉटेलात पलंग किंचित थरथरला तर घाबरू नका.