औषधाआधी कौल

परवा फोनवर आईने विचारलं, "तिथल्या मनाच्या डॉक्टरांना देवाधर्माचं काही शिकवतात का गं?" गोव्यात, आमच्या डिचोलीत आणखीही कुणाला हा प्रश्न पडला असेल, म्हणून इथेच लिहिते.

शिकवतात. इंग्लंडमधल्या माझ्या मानसोपचाराच्या प्रशिक्षणात एक अख्खी दुपार रुग्णालयातल्या चॅप्लिनबाईंनी घेतली. चॅप्लिन म्हणजे रुग्णांना आध्यात्मिक आधार देण्यासाठी नेमलेली व्यक्ती. झोप, भूक, दारू यांची चौकशी करता, तसंच 'अवघड काळात कशाचा आधार वाटतो?' हेही विचारा, असं त्यांचं सांगणं. इथल्या रॉयल कॉलेज ऑफ सायकायट्रिस्ट्समध्ये अध्यात्म आणि मानसोपचार यांचा गट १९९९ पासून आहे. रुग्णाची श्रद्धा समजून घ्या, मात्र आपली श्रद्धा किंवा नास्तिकता त्याच्यावर लादू नका, ही कॉलेजची भूमिका. मला ती मनापासून पटते.

उपासाचा भाग तर रोजच्या कामाचा. लिथियम हे मनाच्या आजारावरचं औषध घेणाऱ्याने रमजानच्या रोज्यात दिवसभर पाणी घेतलं नाही, तर रक्तातलं लिथियम धोक्याच्या पातळीपर्यंत वाढू शकतं. मला आपली निर्जळी एकादशी आठवली. गोव्यात असताना मी एकाही रुग्णाला उपास विचारला नव्हता.

मग सांस्कृतिक मुलाखतीचा, म्हणजे रुग्ण आपल्या त्रासाकडे कसा बघतो हे विचारण्याचा, सराव झाला. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, तिचे १६ प्रश्न आहेत. त्यांतला एक असा: तुमचा त्रास घरच्यांना, गावातल्यांना कसा सांगाल? माझी पाळी आली आणि मी गप्प झाले.

मला आठवलं, गोव्यात इंटर्न असताना सत्तरी तालुक्यातली एक बाई आली होती. कित्येक महिने झोप नाही, सतत रडू. ती म्हणाली, "देवीकडे कौल लावला, मग आले." कौल म्हणजे मूर्तीला पाकळ्या लावून देवीला विचारणं; उजवी पडली की होकार. मी केसपेपरवर लिहिलं: अंधश्रद्धेमुळे उपचारांना उशीर. तिचा भाऊ दाराशी उभा होता, तो हळूच म्हणाला, "डॉक्टर, उजवी पाकळी पडली म्हणून तर घरचे तयार झाले." मी मान हलवली आणि लिहिलेलं तसंच ठेवलं.

देवीनेच तिला आमच्याकडे पाठवलं होतं. तो कौल उपचारांच्या बाजूचा होता. गोळ्या सुरू करताना त्याचाच आधार घेता आला असता.

हे सगळं आईला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "देवीपुढे तिने गाऱ्हाणं काय घातलं होतं, बाय?"

ते मी विचारलंच नव्हतं.